वसंताचं कोरं पुस्तक

"पोरगी पुस्तकात नाक खुपसून बसते गं, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव तिला," थोरल्या जावेनं बजावलं होतं. "पुस्तकवेडी आहे हो ती, जाऊबाई!" म्हणत पोरीच्या आईनं ते हसण्यावारी नेलं होतं.

आज वाचनालयात ती चार वर्षांच्या लेकीसाठी वसंत ऋतूची चित्रपुस्तकं निवडत होती. टेबलापलीकडून ग्रंथपालबाईंनी एक कोरं करकरीत पुस्तक उघडून धरलं. "सांग बघू छकुले, काय दिसतंय?"

"झाडावर तीन चिमण्या, खाली ससा!" लेकीनं घडाघडा सांगितलं.

पानावर होतं एकच भलंमोठं पिवळं फूल.

आईला जावेचे शब्द आठवले. चिमण्या आणि ससा घरच्या पुस्तकातले होते, रोज ऐकून लेकीला पाठ झालेले.



तुमच्या पिल्लाला आज एक न वाचलेलं पुस्तक जरा लांबून दाखवाल ना?