दादाजींची नाडी

दादाजी पुन्हा थांबले. ब्याऐंशी किलोमीटर झाले होते, कळमना अजून अठरा किलोमीटर दूर होतं, आणि ते बाभळीला सायकल टेकवून खाली बसले.

नूपुरही उतरली. तिने त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहिलं. पंधरा सेकंदांत एकवीस ठोके. तिने वहीत लिहिलं : चौऱ्याऐंशी.

"किती भरले?"

"चौऱ्याऐंशी."

"छातीच्या गोळीमुळं. ते गोळी ठोके वर जाऊच देत नाही."

हे तिला ठाऊक होतं. तिची एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रातली, पण त्या गोळ्यांबद्दल मिळेल ते तिने वाचून काढलं होतं. म्हणूनच ती आकड्यावर विसंबत नसे. ओठांचा रंग पाही, बोलताना वाक्य मध्येच तुटतं का ते ऐके. आज तुटत होतं.

"मी आता... टेम्पो पाहतो. तू जा वं पुढं. माह्यासाठी तुये शंभर काहून बुडवतं?"

"तुम्हाला रस्त्यावर टाकून? भैयाजी मला पुन्हा तोंड दाखवू देतील का?"

भैयाजींचं कळमन्यात सायकलचं दुकान होतं. दर रविवारी पहाटे साडेपाचला त्यांचा गट कळमन्याच्या बाजारासमोरून निघायचा. नोव्हेंबरात नूपुर त्यांच्याकडे गेली होती ती गटातून नाव काढून घ्यायला. आदल्या वर्षी ती गटासोबत एकदाच गेली. अठराव्या किलोमीटरला छाती धडधडली, हात थरथरले, आणि संत्र्याच्या टेम्पोत सायकल टाकून ती घरी आली. डॉक्टरांनी सगळं तपासून काहीच नाही म्हणून सांगितलं. तरी नंतर जेव्हा जेव्हा प्रयत्न केला तेव्हा पंधराच्या पुढे तीच धडधड. प्रयोग पाच वेळा केला, पाचही वेळा निकाल तोच. आपलं शरीर या कामाचं नाही, एवढं सिद्ध झालं होतं.

"काढतो ना नाव," भैयाजी म्हणाले होते. "पण जाताजाता एक काम कर. हे दादाजी. दोन वर्षांमागं यायच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणते सायकल चालवा, पण एकट्यानं नाही. आमचे पोट्टे सुसाट पळतात. तू हळू चालवतं, नाडी पाहाले शिकशील. वीसपासून सुरू कर, दर रविवारी पाच वाढव. शंभर झाले की तू मोकळी."

सदुसष्ट वर्षांचा माणूस हात जोडून समोर उभा. नाही कसं म्हणणार?

तेव्हापासून पुढे दादाजी, मागे ती. मागे अशासाठी की ते पडले तर दिसावेत. वीस, पंचवीस, तीस. पहिल्याच रविवारी अठरावा किलोमीटर नेमका कोणत्या क्षणी मागे पडला याची वहीत नोंद नाही. त्या वेळी ती दादाजींच्या मानेवरचा घाम पाहत होती. त्यांचं थांबणंही सोयीचं असे. तिचे पाय भरून आले की नेमके ते दम खायला उतरत. फक्त पंक्चर काढायला बसले की हात झपाझप चालत. "जुनी सवय," म्हणत.

मौद्याच्या वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्या पहिल्यांदा दिसल्या त्या रविवारी ते म्हणाले, "बस, मले नाही झेपत आता." तिनेच त्यांना गोड बोलून आणखी चार किलोमीटर नेलं होतं. रात्री घरी वहीत लिहिताना तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

आता बाभळीखाली तिने चिक्कीचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. तिच्या मांडीत गोळा आला होता. पण पेशंटसमोर कोण सांगतं?

"दादाजी, अठराच राहिले. आपला पहिला रविवारसुद्धा वीसचा होता."

"हट्टी हाय वं तू."

"आहेच. उठा. वाटल्यास दर तीन किलोमीटरला थांबू."

ते तिच्या खांद्याला धरून उठले. ती मांडीला चिमटा काढून सायकलवर बसली.

साडेबाराला कळमन्याच्या बाजाराचं फाटक दिसलं. मीटरवर शंभर पूर्णांक तीन दशांश. या वेळी नूपुरने पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. ऐंशी. ओठ गुलाबी. वाक्यं अखंड. ती फुटपाथवर मटकन बसली आणि रडायला लागली, रडतारडता हसायला लागली. चार महिने दर खड्ड्याला तिने मनात ॲम्ब्युलन्सचा नंबर घोकला होता. आता तो विसरला तरी चालणार होता.

"रड बाप्पा रड," भैयाजींनी तिच्या हातात उसाच्या रसाचा ग्लास दिला, दुसरा दादाजींना दिला. "तरी सांगत होतो, होते म्हणून."

"मी मोकळी ना आता?"

"मोकळीच मोकळी."

तिने डोळे पुसले. "पण दादाजींना एकटं नका सोडू. पुढच्या रविवारी मी येते."

"येजो ना. पण दादाजीसंग नाही." भैयाजींनी दुकानाच्या पायरीकडे बोट केलं. तिथे एक मुलगी हेल्मेट मांडीवर घेऊन अवघडून बसली होती. "ते पोट्टी, माया. गटातून नाव काढाले आली होती. बारा किलोमीटरच्या वर तिच्यानं होतच नाही म्हणते."

"म्हणजे आता मी तिची काळजी घ्यायची?"

दादाजींनी ग्लास तोंडाला लावला आणि ते भलतीकडेच पाहू लागले.

"तू काहून घेतं?" भैयाजी आवाज खाली आणून म्हणाले. "माया घेईन तुई काळजी. तुले दमा हाय, असं सांगून ठेवलं मी तिले."