शेंबडाची शिसारी

आईच्या पाळणाघरात वाढलेल्या धाकटीला शेंबडाची आणि ओल्या चड्ड्यांची भयंकर शिसारी यायची. "जन्मात कुणाची नाकं पुसणार नाही!" असं आईला ठणकावून ती थेट परदेशात गेली, बर्फावर स्नोबोर्ड शिकवणारी प्रशिक्षक व्हायला.

परीक्षेत तिने उतारावर अशी वळणं घेतली की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. मग आली शिकवण्याची चाचणी, आणि तिच्यापुढे उभं केलं ते चार वर्षांचं एक ध्यान. नाकातून दोन हिरव्या धारा, आणि त्या जिभेने चाटणं चालू! तेवढ्यात ते फटकन शिंकलं, आणि सगळा ऐवज तिच्या कोऱ्या जॅकेटवर.

"शी!" तिने डोळे मिटले, श्वास रोखला. हात मात्र पाळणाघरातल्या सवयीने पुढे झाले. एकाने मान धरली, दुसऱ्याने चिमटीत नाक लख्ख केलं. पोर रडलंसुद्धा नाही.

परीक्षकबाई हरखल्याच. "पास! वळणं काय, सगळेच घेतात गं. असा हात कुणाचा नाही. उद्यापासून छोट्यांचा अख्खा वर्ग तुझा."



जाता जाता त्या वळल्या. "आणि हो, रुमाल भरपूर आण. सगळ्यांनाच सर्दी आहे."