जिवंत आजीचे मार्क

कुंदाआजी वारल्या. आता हे झालंच नाही असं धरून पुढे चला, कारण आजीही तसंच धरून शारजातल्या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर पाय वर घेऊन वाल सोलत बसल्या होत्या.

त्या वारल्या होत्या कॉम्प्युटरवर. नात मैथिलीच्या मेडिकलच्या अर्जाला एक निबंध जोडायचा होता, ‘मला डॉक्टर का व्हायचंय’. तो तिच्या बाबांनी, प्रकाशने, परस्पर लिहून टाकला होता. लिहून म्हणजे उतरवून. जबल अलीच्या ऑफिसात त्याच्या शेजारी बसणाऱ्या वासुदेवच्या मुलाला याच निबंधावर सीट मिळाली होती. त्यात गावाला पूर येतो आणि आजी बैलगाडीत, नातवाच्या मांडीवर डोकं ठेवून जाते. पुढच्या वर्षी त्याच ऑफिसातल्या तय्यबच्या मुलीची नानीही त्याच बैलगाडीत गेली. तिलाही सीट मिळाली. वासुदेवची आई त्रिचूरला अजून स्वतःच्या हाताने लोणची घालते, ही गोष्ट वेगळी.

“बाबा, शी इज राइट देअर,” मैथिली म्हणाली.

“कागदावरच जातेय ना? सकाळी कुरिअरवाला येणार आहे. सही कर, यल्ला, लवकर.”

“मी कशाने गेले?” आजींनी विचारलं.

“तापाने.”

“आणि डॉक्टर?”

“बारा कोसांवर.”

“डोंबिवलीत? अरे, आपल्या बिल्डिंगखाली दोन बसतात. त्यातला एक तर दिवसभर पेपर वाचतो.”

मैथिलीला डॉक्टर व्हायचं होतं. खरंच व्हायचं होतं, हीच पंचाईत होती. या सहीने डॉक्टर व्हायच्या आधीच तिच्या हातून एक पेशंट जाणार होता, तोही धडधाकट.

“मग तुझं कारण सांग,” प्रकाश वैतागला. “पण कोणीतरी मेलं पाहिजे. जिवंत आजीला मार्क कोण देतं?”

मैथिलीकडे कारण होतं. पण तो विषय घरात काढायचा नाही, असं ठरलं होतं.

आजींनी वालाची सालं पेपरात गुंडाळली. “त्या दिवशी गाडीतच गेले असते तर बरं होतं. निबंध खरा झाला असता आणि माझी संकष्टीही मोडली नसती.”

झालं. विषय निघाला.

त्या दिवशी पंचांग डोंबिवलीचं होतं आणि चंद्र शारजाचा. पंचांगातली भारतातली वेळ कधीच टळून गेली, पण इथला चंद्र वर येईना, आणि तो दिसल्याशिवाय आजी काही खाईनात. डायबेटिसची गोळी मात्र इमानेइतबारे घेतलेली. दुबईहून परतताना गाड्या नेहमीसारख्या तुंबल्या होत्या. आजींना दरदरून घाम फुटला. मग त्या प्रकाशला ‘अहो’ म्हणू लागल्या. “आई, जरा धीर धर, आलाच चंद्र,” म्हणत प्रकाश हॉर्न वाजवत राहिला. मैथिलीने मिरिंडाचा कॅन फोडून आजींच्या ओठाला लावला आणि त्या नको नको म्हणत असताना घोट घोट करत रिकामा केला. बिल्डिंगांच्या वर चंद्र आला तोवर आजी प्रकाशला पुन्हा ‘गाढवा’ म्हणत होत्या.

घरी पोचल्यावर ठरलं, काहीच झालेलं नाही. आजींच्या थोरल्या मुलाला, डोंबिवलीच्या सतीशला, कळलं असतं तर त्याने त्यांना पुढच्याच विमानाने परत बोलावलं असतं.

“ते लिहिणार आहेस?” प्रकाशने विचारलं.

“हो.”

“अगं, सतीशला कळलं तर...”

“कॉलेज काय सतीशकाकाला कॉपी पाठवणार आहे?”

“आणि सीट गेली तर?”

“तर माझी जाईल. आजी राहील.”

तिने सगळा निबंध सिलेक्ट करून काळा केला आणि डिलीट दाबलं. पूर, ताप, बैलगाडी, खलास.

“असं लिही,” आजी म्हणाल्या, “की उपास मी मोडला नाही. तुम्ही मोडलात.”

मैथिलीने तेही लिहिलं. मिरिंडा लिहिला, उशिरा आलेला चंद्र लिहिला, ‘अहो’ लिहिलं. पुरावा म्हणून आजींचा, पेन्शनसाठी काढलेला हयातीचा दाखला जोडला. प्रकाश मागे उभा राहून वाचत होता. पहिल्यांदाच त्याला त्यात खोडायला काही सापडलं नाही. शेवटचा परिच्छेद तिने बाबांच्या ऑफिसातल्या पत्रांच्या थाटात घातला:

‘सबब, आमच्या आजींना जिवंत धरूनच मला मार्क द्यावेत. तसेच मागील सर्व अर्जांत मयत झालेल्या आज्या व नान्या यांना सदर बैलगाडीतून तातडीने उतरवून, काही खायला घालून, आपापल्या घरी सुखरूप पोचते करावे, ही विनंती.’