पुन्हा विचारलेलं नाव

"त्या नव्या खेळाडूला पोराची सायकल देऊ नकोस गं, मोडून ठेवेल," शेजारच्या मार्लिसबाईंनी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. आमच्या गावात अमेरिकन फुटबॉलच्या सरावाला खेळाडू लहान मुलांच्या सायकलींवरूनच जातात. यंदा नव्या खेळाडूंच्या निवडीत संघाने पहिल्याच फेरीत घेतलेला तो धिप्पाड गडी, शाळेच्या संघात खेळणाऱ्या आमच्या अँडर्सच्या सायकलवर बसला. त्याचं हेल्मेट सांभाळत अँडर्स शेजारून धावत होता.

जाताना त्याने अँडर्सला नाव विचारलं. सराव संपल्यावर परत तेच, जणू आधी भेटलाच नव्हता.

"एवढ्यात डोक्यात हवा गेली!" माझा नवरा डेल करवादला.

"हवा कसली, मठ्ठ आहे मेला! हा काय डाव लक्षात ठेवणार?" मार्लिसबाई म्हणाल्या.

मला मात्र वाटलं, हा खेळाडू काहीतरी लपवतोय.

गाडीत अँडर्स हळूच म्हणाला, "आई, तो मठ्ठ नाहीये. डोकं जोरात आपटलं की असं होतं. मलाही होतंय, गेल्या आठवड्यापासून. सांगितलं की खेळू देत नाहीत ना, म्हणून कुणीच सांगत नाही."



हे मी दवाखान्यातून लिहितेय. तुमचंही लेकरू मैदानावरून आलं असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा.