घरात असं कुणी

नवऱ्या मुलाच्या आईनं अडकित्त्यात सुपारी धरली आणि नेमक्या तेव्हाच दारात नर्सबाई येऊन उभ्या राहिल्या. ती सुपारी फुटली की यमुनाबाईच्या थोरल्या लेकीचं लग्न पक्कं होणार होतं.

"सरकारनं योजना वाढवलीय," नर्सबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "जन्मापासून हातपाय आखडलेल्या मुलांना आता उपचार, बूट, खुर्ची, सगळं फुकट. तुमच्या घरात आहे का असं कुणी?"

आठ वर्षांच्या धाकट्या लेकीला, तानीला, कडेवर घेऊन यमुनाबाईनं तालुक्याच्या दवाखान्याचा उंबरठा झिजवला होता. दर वेळी एकच उत्तर मिळे, "हा आजार योजनेत बसत नाही." आज तीच योजना आपल्या पायांनी दारात आली होती, आणि तानी मागच्या खोलीत होती. बाहेरून कडी होती. "पाहुण्यांनी तिला बघितलं, तर थोरली जन्मात उजवायची नाही," असं दिरानं सकाळीच बजावलं होतं.

अडकित्ता थांबला. मुलाची आई यमुनाबाईकडे बघत होती.

"नाही," यमुनाबाई म्हणाली.

नर्सबाईंनी कागदावर फुली मारली आणि त्या पायरी उतरल्या. तेवढ्यात मागच्या खोलीतून हाक आली. तानीला येणारा तो एकच शब्द. तो शिकवायला यमुनाबाईला तीन वर्षं लागली होती.

"आई!"

नर्सबाई अंगणातच थबकल्या.

"आत कोण आहे हो?" मुलाच्या आईनं विचारलं.

"शेजारणीची पोर आहे," यमुनाबाई म्हणाली. "तिची आई कामाला गेलीय."