पायरीवरच्या गोळ्या

औषधवाल्याने चिठी उजेडाकडे धरली आणि तशीच परत केली. तिची मुदत कधीच संपली होती. ही गोळी नव्या चिठीशिवाय देता येत नाही, असे तो म्हणाला, तेही खाली बघत. म्हापशाचा डॉक्टर चवथीसाठी आपल्या गावी गेलेला. सरकारी इस्पितळापर्यंत जायला आज बस नव्हती. संजनाने कडेवरच्या मुलीला वर सरकवले. शुक्रवारच्या बाजाराला जाऊन नवी चिठी आणायचे ठरले होते. नेमका त्या दिवशी मुलीला ताप आला आणि ते राहून गेले.

कालपासून तिच्या नवऱ्याच्या, गौरेशच्या, पोटात गोळी नव्हती. सकाळी चहाची बशी हातातून निसटली तेव्हा तो हसला. तिने मात्र त्याची बोटे थरथरताना पाहिली. गेल्या चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधतानाच त्याला फीट आली होती आणि तो शिडीवरून कोसळला होता. आज दीड दिवसाचे विसर्जन. गोवा राज्य झाल्यावरची ही पहिली चवथ, म्हणून वाड्यातल्या घराघरांत उत्साह दुप्पट. दुथडी भरलेल्या व्हाळात छातीभर पाण्यात गणपती घेऊन तोच उतरणार. यंदा घरी बसा म्हटले, तर त्याने तिलाच विचारले, "मगे देवाक कोण व्हरतलो, तू?"

शेवटी औषधवाल्यानेच वाट दाखवली. तिच्याच वाड्यातल्या गोकुळदासांना अर्धांगाच्या झटक्यानंतर हीच गोळी चालू होती, एवढ्याच ताकदीची.

गोकुळदासांचे घर वाड्याच्या टोकाला. त्यांचा गणपती थोरल्या घरी, दुसऱ्या गावात बसायचा. नवऱ्याला हलवता येत नाही म्हणून प्रभावतीकाकी यंदा तिकडे गेलीच नव्हती. दार अर्धवट लोटलेले होते. एरवी अंगणातूनच "ये गे चेडवा" म्हणत मुलीला ओढून घेणारी काकी आज उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. मुलीने सवयीने हात पुढे केले, तशी ती मागे सरकली.

संजनाने अडचण सांगितली. दोन गोळ्या द्या, डॉक्टर आला की परत आणून देते, म्हणाली. काकी आत गेली. बाहेर आली ती गोळ्यांची अख्खी पुडी घेऊन. ती तिने हातात दिली नाही. पायरीवर ठेवली आणि पुन्हा मागे झाली.

"सगळ्यो घेवन जा."

"आनी काकांक?"

"तेंका आता बरा आसा. निजल्यात." मग म्हणाली, "बेगीन जा गे. देवाक नैवेद्य रवलो आसतलो तुमचो."

चवथीच्या दिवसात दारी आलेल्या सवाष्णीला ना बस म्हटले, ना लेकराच्या हातावर गोड ठेवले. कुत्र्यापुढे टाकावे तसे पायरीवर ठेवले. पुडी उचलताना संजनाचे डोळे भरून आले. घरी येताच तिने गौरेशला गोळी दिली आणि मग सासूजवळ मन मोकळे केले. सासू शेवंती करंजीसारख्या नेवऱ्या तळत होती. झारा न थांबवता ती म्हणाली, "खूब मोठेपण इला तिका. आमच्यो नेवऱ्यो धाडू नको मगे."

त्या वर्षी पहिल्यांदाच प्रभावतीकाकीचे ताट गेले नाही.

दुपार कलली तशी गौरेशची बोटे थांबली. सांजेला तो व्हाळात उतरला. देवाबरोबर त्याचे डोके पाण्याखाली गेले तेव्हा काठावर संजनाने श्वास धरून ठेवला. ते वर आले. मागून वाड्यातले बाकीचे गणपती गेले. ढोल थांबले, बायका रिकामे पाट घेऊन वळल्या. मुलगी बापाच्या ओल्या खांद्यावर बसून हसत होती.

तेव्हाच वाड्याच्या टोकाकडून हंबरडा आला.

शेवंती होती तिथेच खाली बसली. वाड्यात कोणी गेले की चुली पेटत नाहीत, नैवेद्य होत नाही, देव तसाच उपाशी राहतो. त्या घरच्या माणसाचा स्पर्शही कोणी करून घेत नाही. कळले की सुतक पाळावे लागते. कळलेच नाही तर कोणाला दोष नाही.

गोकुळदास पहाटेच गेले होते. वाड्यातला शेवटचा गणपती पाण्यात जाईपर्यंत काकी त्यांच्या उशाशी तोंडात पदर कोंबून बसली होती.