सोमवारची चोळी

दर सोमवारी घालायच्या तपासणीच्या चोळीची घडी घालताना वत्सलाचा हात थबकला. अस्तरावर थोरल्या जावेचं, यमुनाबाईंचं नाव होतं.

“अक्का, ही तर तुमची! मी केव्हापासून घालतेय?”

“दिवाळीच्या धुण्यात बदलली असेल. एका मापाच्याच तर आहेत,” यमुनाबाई तांदूळ निवडत म्हणाल्या. “आता मला तिचं काय काम?”

अस्तरातले ध्वनितरंग छातीतली गाठ शोधून नावानिशी दवाखान्याला कळवत. मग डॉक्टर पुन्हा तपासतसुद्धा नसत. दिवाळीनंतर यमुनाबाईंच्या नावावर गाठ निघाली आणि महिन्यापूर्वी त्यांचा डावा स्तन काढला. तेव्हा वत्सलाला मात्र निरोप आला होता, ‘निर्धास्त राहा.’

वत्सलाने पदराखाली चाचपलं. डावीकडे सुपारीएवढं कडक काहीतरी बोटांना लागलं.

“काय झालं गं?” रिकाम्या बाजूवरचा पदर सावरत यमुनाबाईंनी विचारलं.